डब्याची किंमत आणि माशांचे मरण

मोताळा तालुक्यात कपाशीवर बोंडअळी दिसू लागली की फवारणीचे पंप पाठीवर चढतात. औषध घेताना शेतकरी दुकानदाराचा सल्ला घेतो, भाव विचारतो आणि फार तर डब्यावरील रंग पाहतो. लाल, पिवळा, निळा व हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम 1971 च्या कीटकनाशक नियमांनी ठरविला आहे. परंतु तो सस्तन प्राण्यांवरील प्रयोगांवरून, म्हणजे माणसाला असलेला धोका ध्यानी घेऊन लावलेला आहे. हेच औषध पावसाबरोबर ओढ्यातून नळगंगेत उतरले तर माशांचे काय होईल, याचे उत्तर त्या रंगात नाही.

ते उत्तर देणारी कसोटी मात्र उपलब्ध आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 1981 मध्ये तिची प्रमाणित पद्धत प्रसिद्ध केली. एकाच जातीचे मासे निरनिराळ्या टाक्यांत ठेवतात; रसायनाचे प्रमाण टाकीगणिक वाढवीत नेतात आणि तुलनेसाठी एका टाकीत ते मुळीच घालीत नाहीत. 96 तासांत निम्मे मासे ज्या प्रमाणाला मरतात, तो आकडा काढला जातो. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या सायपरमेथ्रीनच्या बाबतीत तो लिटरला अवघ्या काही मायक्रोग्रॅमइतका, म्हणजे ग्रॅमच्या काही दशलक्षांश भागांइतका अल्प येतो. माणसाचे शरीर या रसायनाचे विघटन वेगाने करते. माशाला ते तितके साधत नाही.

कारखान्यांच्या बाबतीत कायद्याने या कसोटीचा उपयोग करून घेतला आहे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार सांडपाण्यात सोडलेल्या माशांपैकी शेकडा 90 मासे 96 तासांनंतर जिवंत असले पाहिजेत. कारखान्याच्या नळाशी तपासनीस उभा राहू शकतो. शेताच्या शेकडो बांधांवरून वाहणाऱ्या पाण्यापाशी कोण उभा राहणार?

येथे प्रश्न अर्थशास्त्राच्या प्रांतात येतो. व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला, अशा खर्चाचे विवेचन आर्थर पिगू यांनी 1920 मध्ये केले होते. डब्याच्या किमतीत कारखानदाराचा खर्च व दुकानदाराचा नफा धरलेला असतो; जलाशयावर पोट असलेल्या मच्छीमाराचे संभाव्य नुकसान धरलेले नसते. पिगू यांनी अशा ठिकाणी कर सुचविला. पण कोणाच्या शेतातून किती विष वाहून गेले हे मोजता येत नसेल, तर कर तरी कोणावर बसवावा?

कसोटीलाही मर्यादा आहेत. ती 96 तासांतील मृत्यू मोजते. वाढ खुंटणे वा प्रजनन मंदावणे तिच्या कक्षेत येत नाही. एका रसायनाचा आकडा एकाच पंपात कालविलेल्या दोन-तीन औषधांचा एकत्रित परिणामही सांगत नाही.

तरीही काही उपाय अल्प खर्चाचे आहेत. डब्यावर रंगाशेजारीच माशाचे ठळक चित्र असावे आणि त्याचा दर्जा या कसोटीवरून ठरावा. ओढ्यालगतचा पट्टा फवारणीतून वगळावा. पंप व रिकामे डबे वाहत्या पाण्यात धुऊ नयेत, हे कृषी सेवा केंद्रातच विक्रीच्या वेळी सांगितले जावे. हा आकडा मिळविण्यासाठी प्रयोगशाळेत मासे मारले जातात. तो जर फायलीतच पडून राहणार असेल, तर ते मरणही व्यर्थ आणि नळगंगेतील माशांचे रक्षणही दूरच.