नेम धरावा कशातून? लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आणि दुर्बीण

काऊबॉय चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला ही बंदूक ठाऊक आहे. घोडेस्वार मुठीखालची कडी झटक्यासरशी खाली-वर करतो, रिकामी पुंगळी उडते आणि नवे काडतूस नळीत जाऊन बसते. हीच लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल. पडद्यावर ती माणसांवर चालते. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत मात्र शंभराहून अधिक वर्षे ती हरणाच्या शिकारीची बंदूक आहे. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार उरलेली नाही, तेव्हा पुढचा प्रश्न आपणापैकी कोणाला स्वतः सोडवावा लागेल असे नाही. पण वस्तूच्या मूळ रचनेने गिऱ्हाइकाची निवड आधीच किती बांधून ठेवलेली असते, याचे इतके बोलके उदाहरण आम्हा वाणिज्यवाल्यांच्या क्रमिक पुस्तकांत मला तरी आढळले नाही.

प्रश्न असा की, या रायफलीवर नेम धरायला काय बसवावे? पर्याय तीन : नळीवरची उघडी खाच-माशी, बारीक छिद्राची ‘पीप साइट’, किंवा दुर्बीण. दुकानदार बहुधा दुर्बीण पुढे करील; फायदा तिच्यात जास्त! परंतु उत्तराची सुरुवात दुर्बिणीपासून होत नाही, रिकामी पुंगळी कोणत्या बाजूने बाहेर पडते येथून होते.

जॉन ब्राऊनिंग यांनी आखलेली विंचेस्टर कंपनीची १८९४ ची रायफल सत्तर लाखांहून अधिक खपली. तिची पुंगळी सरळ वर, डोक्याच्या दिशेने उडते. १८९४ साली यात काहीच गैर नव्हते, कारण नळीवर खाच आणि माशी यांपलीकडे काही बसवायचेच नव्हते. उलट मार्लिन कंपनीने १८८९ च्या आपल्या नमुन्यात वरची बाजू बंद ठेवून पुंगळी उजव्या अंगाने बाहेर काढली. दुर्बिणीचा विचार तेव्हा कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकारी दुर्बिणीकडे वळू लागले, तेव्हा मात्र मार्लिनची बंद पाठ एकदम भांडवल ठरली. १९४८ मध्ये आलेल्या तिच्या ‘३३६’ या रायफलीवर दुर्बीण नळीच्या बरोबर वर बसू शकते. जुन्या विंचेस्टरवर तीच दुर्बीण उडणाऱ्या पुंगळीच्या वाटेत येते. मग ती डावीकडे सरकवून बसवा, नाहीतर पुढे नळीवर न्या. डावीकडे सरकवली तर गाल दस्त्यावर नीट टेकत नाही. पुढे नेली तर डोळ्यापासून लांब चालणारी खास दुर्बीण लागते, आणि तिच्यातून दिसणारा टापू लहान असतो. विंचेस्टरने १९८० च्या दशकाच्या आरंभी पुंगळी तिरकी बाहेर फेकणारी रचना आणून ही अडचण दूर केली, पण तोवर जुन्या रायफली लाखो घरांत पोचल्या होत्या. अशा जुन्या विंचेस्टरवर दुर्बिणीचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यासाठी पीप साइटच बरी.

ही पीप साइट आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नसते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने. एन. सी. सी. त ज्यांनी पॉइंट टू-टू रायफल हाताळली आहे त्यांना सांगायला नको की जवळचे, मधले आणि दूरचे अशा तीन गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्वच्छ दिसत नाहीत. उघड्या खाचेत नेमके हेच करावे लागते. चाळिशी लागलेल्या माणसाला तर मागची खाच धुरकटच दिसते. पीप साइटमध्ये खाचेऐवजी डोळ्याजवळ एक गोल छिद्र असते. त्याच्याकडे पाहायचे नसते, त्यातून पाहायचे असते. डोळा माशीला आपोआप छिद्राच्या मध्यावर आणतो. तीनपैकी एक काम कमी झाले.

दुसरा लाभ त्रैराशिकाचा. समजा, खाच आणि माशी यांत १८ इंच अंतर आहे आणि नेम धरताना इंचाच्या शंभराव्या भागाची चूक झाली. १०० वार म्हणजे ३,६०० इंच. तेथे ती चूक दोन इंचांची होते. पीप साइट मागे, डोळ्याच्या बाजूला असल्याने हेच अंतर २४ इंच झाले, तर चूक दीड इंचावर येते. वजन चार-दोन औंसांचे, फुटायला काच नाही. विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये अशा साइटचे पेटंट घेतले होते. कल्पना जुनी आहे, पण मोडीत निघालेली नाही.

मग दुर्बीण हवीच कशाला? एका शब्दात सांगायचे तर उजेडासाठी. अमेरिकेतील अनेक राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीस परवानगी असते, आणि हरीणही त्याच वेळी बाहेर पडते. झुडपाआड हरीण आहे की दुसरा शिकारी, हे ओळखणे हा काही नेमबाजीतील गुणांचा प्रश्न नव्हे. येथे दुर्बीण खरोखर उपयोगी पडते. (मात्र ‘ते काय हलते आहे’ हे पाहायला रायफलीवरची दुर्बीण वापरू नये, नळीही तिकडेच रोखली जाते. त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण असावी.)

परंतु मोठी दुर्बीण म्हणजे चांगली दुर्बीण हा समज खोटा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वाढीच्या पटीने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. २० मिलिमीटर भिंग आणि अडीच पट वाढ, तर ८ मिलिमीटर. ४० मिलिमीटर आणि नऊ पट, तर साडेचारहूनही कमी. संधिप्रकाशात आपली बाहुली पाच ते सात मिलिमीटर उघडते. म्हणजे लहान, स्वस्त दुर्बीण तिला पुरून उरते आणि नऊ पटीवर ठेवलेली मोठी अपुरी पडते. शिवाय पट वाढली की टापू आकसतो आणि पळते जनावर शोधावे लागते. या रायफलीचे नेहमीचे काडतूस ‘थर्टी-थर्टी’. १०० वारांवर नेम बसवलेला असेल तर २०० वारांवर त्याची गोळी सुमारे आठ इंच खाली जाते. एवढ्या चुकीने जनावर मरत नाही, पाय मोडून रानात निघून जाते आणि कुठेतरी तळमळत पडते. तेव्हा दीडशे वारांच्या आतल्या या रायफलीला एक ते चार पट, किंवा नुसती अडीच पट, भरपूर झाली.

दुर्बिणीचा खर्च बिलावर लिहिलेल्या रकमेत संपत नाही. जुन्या रायफलींचे दस्ते बुटक्या माशीच्या मापाने उतरते केलेले असतात. दुर्बीण उंच बसली की गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि मान हवेत राहते. मग दस्त्यावर चामड्याची गादी बांधावी लागते. पाऊण-एक पौंड वजन वाढते, आणि रायफल मधोमध एका हातात धरून चालण्याची सोय जाते. सर्वांत वाईट म्हणजे घोडा. (चाप नव्हे, मागे उघडा दिसतो तो हातोडा.) काडतूस भरलेले असताना तो अंगठ्याने हळूच खाली आणावा लागतो, आणि दुर्बिणीचे मागचे टोक नेमके त्याच्यावर येते. अंगठा निसटला तर गोळी सुटते. म्हणून घोड्याला बाजूने एक लहानशी दांडी जोडतात. तिची किंमत क्षुल्लक, पण ती न घेता दुर्बीण घेणारा माणूस मला बेजबाबदार वाटतो.

दुर्बीण बसवताना तिचे मागचे भिंग डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच तरी दूर असावे, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. कड्या सहज सुटणाऱ्या घ्याव्यात आणि मूळची खाच-माशी काढून टाकू नये. बर्फ पडू लागले आणि काच झाकोळली की तिच्याशिवाय गती नाही. आणि पीप साइट घेतली असेल तर नियम एवढाच : गोळी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला मागची साइट सरकवायची, पुढची माशी मात्र उलट दिशेने.