घरच्या रेसिपीचा पुदिना स्लश: पार्टीची ऑर्डर घेण्याआधी एवढं करा

घरचं पुदिना सरबत सगळ्यांना आवडतं. पण ऑर्डरला "मूठभर पुदिना, चवीपुरती साखर" चालत नाही. पहिला आणि पन्नासावा ग्लास एकाच चवीचा लागला पाहिजे. म्हणून आईचा अंदाज आधी वजनकाट्यावर आणा.

180 मिलीच्या 10 ग्लासांसाठी इथून सुरुवात करा: पुदिन्याची पानं 60 ग्रॅम, साखर 300 ग्रॅम, पाणी 1.4 लिटर, लिंबाचा रस 200 मिली, काळं मीठ, भाजलेलं जिरं.

1. पानं उकळत्या पाण्यात 15 सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. हिरवा रंग टिकतो.
2. पानं, साखर, पाणी वाटून गाळा. बर्फाच्या ट्रेमध्ये रात्रभर गोठवा.
3. देताना लिंबू, मीठ, जिरं घालून मिक्सरला फिरवा. लिंबू आधीच घातलं तर आंबटपणामुळे रंग काळपट पडतो.

साखर फक्त गोडीसाठी नाही. कमी पडली तर दगडासारखा बर्फ होतो, जास्त झाली तर नीट गोठत नाही. ग्राहकाने "गोड कमी" सांगितलं तर आधी नमुना करून बघा.

आता भाव. पुदिन्याची अख्खी जुडी विकत घेता, वापरता फक्त पानं. देठांचे पैसेही धरा. वीज, रिक्षाभाडं आणि स्वतःची मजुरी पण धरा. प्लॅस्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ 1 जुलै 2022 पासून बंद आहेत, म्हणून कागदीचा दर लावा. विकायच्या आधी एफएसएसएआयची नोंदणी करा.

आज 10 ग्लास बनवा आणि प्रत्येक वजन वहीत लिहा. उद्या मदतनीसाच्या हातून तीच चव आली, की मोठी ऑर्डर बिनधास्त घ्या.