खाडीपासून माळापर्यंत

[ठाण्याजवळच्या कोलशेतहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आधी डोंगर लागतो आणि मग माळ लागतो. डोंगरामुळे पावसाची वाटणी कशी होते आणि ओसाड दिसणारा माळ खरोखरच ओसाड असतो का, हे या पाठात समजावून सांगितले आहे.]

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या अनेक घरांत बांधाबांध सुरू होते. कोणी नाशिकला मामूंकडे जातात, कोणी जालन्याला खालाकडे, तर कोणी थेट नागपूरला नानीच्या घरी. गाडी सुरू झाली, की बहुतेक मुले झोपी जातात आणि मुक्काम आल्यावरच जागी होतात. पण जो खिडकीशी बसून बाहेर पाहतो, त्याला भूगोलाच्या पुस्तकातील कितीतरी गोष्टी प्रत्यक्ष दिसतात.

चला, आपण असाच एक प्रवास करू. महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि ठाण्यावर बोट ठेवा. ठाणे शहराच्या उत्तर भागात खाडीच्या काठी कोलशेत आहे. पूर्वी हे आगरी-कोळ्यांचे छोटे गाव होते. आता तेथे उंच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. पश्चिमेला येऊरचे डोंगर दिसतात. पूर्वेला खाडी आहे आणि खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यातील काल्हेर गाव आहे. या खाडीत उल्हास नदीचे पाणी येते आणि भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणीही आत शिरते. म्हणून काठावर तिवरांची दाट झाडी वाढते. मे महिना आहे. हवा दमट आहे. अंगाला सारखा घाम येतो, पण समुद्र जवळ असल्यामुळे ऊन फारसे भाजत नाही.

कोलशेतहून माजिवडा गाठायचा, खाडीवरचा पूल ओलांडायचा आणि जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याला लागायचे. पडघा मागे पडले, की थोड्याच वेळात शहापूर तालुका सुरू होतो. या तालुक्याकडे नीट लक्ष द्या. येथे पाऊस भरपूर पडतो. येथेच तानसा आणि भातसा ही धरणे आहेत. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांत भातसा सर्वांत मोठा आहे. ठाण्यालाही भातसा नदीचे पाणी मिळते. तरीसुद्धा उन्हाळ्यात याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर पाण्याचे टँकर येतात. स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. असे का होते? पाऊस फक्त चार महिने पडतो. डोंगर कठीण काळ्या दगडाचा आहे. त्यात पाणी फारसे मुरत नाही, ते वेगाने उताराला वाहून जाते. धरण खाली असते आणि पाडे उंचावर असतात. धरणातून निघालेले मोठे नळ शहरांकडे जातात. पाडा मात्र तहानलेला राहतो.

खर्डी मागे टाकून आपण कसाऱ्याला पोहोचतो. आता रस्ता चढू लागतो. हा कसारा घाट. याला थळ घाट असेही म्हणतात. वळणावळणाने गाडी वर जाते. एका बाजूला काळा कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी! रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत करवंदे विकायला बसलेल्या असतात. ही वाट फार जुनी आहे. रेल्वे नव्हती, मोटारी नव्हत्या, तेव्हा लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर माल लादून घाटांतून ये-जा करीत. कोकणातील मीठ वर जाई आणि देशावरील धान्य खाली येई. १८६५ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली. आता आणखी एक वाट झाली आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा असून तो दहा जिल्ह्यांतून जातो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावर कसाऱ्याजवळ सुमारे ८ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. त्या बोगद्यातून गाडी काही मिनिटांत घाटापलीकडे जाते. पण आपल्याला डोंगर पाहायचा आहे, म्हणून आपण जुन्या रस्त्यानेच जाऊ.

घाट चढून इगतपुरीला पोहोचलो, की हवा थोडी थंड लागते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. जसजसे उंच जावे, तसतशी हवा थंड होते. पावसाचे सारे रहस्य याच गोष्टीत आहे. जून महिन्यात अरबी समुद्रावरून वारे येतात. त्यांत पुष्कळ बाष्प असते. हे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर अडतात. पुढे जायचे, तर त्यांना वर चढावेच लागते. वर चढताना ते थंड होतात. थंड हवेत जास्त बाष्प मावत नाही. मग त्या बाष्पाचे ढग होतात आणि धो धो पाऊस पडतो. डोंगर ओलांडल्यावर तेच वारे खाली उतरू लागतात. उतरताना ते पुन्हा उबदार होतात आणि कोरडे पडतात. त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून डोंगराच्या पूर्वेकडील भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. झाडाच्या सावलीत ऊन पोहोचत नाही, तसा डोंगराच्या या छायेत पाऊस पोहोचत नाही.

आकडे पाहिले, तर हे अधिक स्पष्ट होईल. ठाण्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीत तो ३००० मिलिमीटरहून अधिक असतो. इगतपुरीपासून नाशिक अवघे ४५ किलोमीटर दूर आहे, पण तेथे सुमारे ७०० मिलिमीटरच पाऊस पडतो. पुढे येवला आणि वैजापूरकडे तो सुमारे ५०० मिलिमीटरवर येतो. गाडीने तीन-चार तासांच्या वाटेवर पाऊस सहा पटींनी कमी होतो!

डोंगर केवळ ढग अडवत नाही, तो नद्यांच्या वाटाही ठरवतो. समजा, पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक सह्याद्रीच्या माथ्याच्या पश्चिमेला पडला आणि दुसरा पूर्वेला. कसाऱ्याच्या बाजूला पडलेला थेंब भातसा नदीत गेला, तर तो शेवटी उल्हास नदीत येतो आणि आपल्या कोलशेतच्या खाडीतून समुद्राला मिळतो. पूर्वेकडचा थेंब मात्र गोदावरीत जातो. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर आहे. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते.

आता आपली गाडी नाशिक, निफाड मागे टाकून येवल्याकडे निघाली आहे. निफाडच्या बाजूला द्राक्षांच्या बागा आणि कांद्याच्या चाळी दिसतात. नंतर हिरवा रंग हळूहळू कमी होतो. दोन्ही बाजूंना मोकळी जमीन पसरलेली दिसते. पिवळे वाळलेले गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा बोर, आणि दूरवर मेंढ्यांचा कळप. हाच माळ, म्हणजेच माळरान. येथे मातीचा थर पातळ असतो आणि पाऊस कमी असतो. म्हणून मोठे जंगल वाढत नाही, गवत वाढते.

असा माळ पाहिला, की आपण सहज म्हणतो, ‘‘इथे तर काहीच नाही!’’ सरकारी कागदांतही अशा पुष्कळ जमिनींची नोंद ‘पडीक’ अशी झाली. पण माळ खरोखर रिकामा असतो का? उन्हाळ्यात गवत वरून वाळते, पण त्याची मुळे जमिनीत जिवंत असतात. ती माती घट्ट धरून ठेवतात. पहिला पाऊस पडताच सारा माळ हिरवा होतो. या गवतात ससे, खोकड आणि लांडगे राहतात. चंडोल पक्षी जमिनीवरच घरटे करतो. येवला तालुक्यात ममदापूर येथे काळविटांसाठी क्षेत्र राखून ठेवले आहे. तेथे उघड्या माळावर काळवीट उड्या मारताना दिसतात. त्यांना दाट जंगल नको असते. धावायला मोकळी जागा आणि दूरवर पाहता येईल असा माळच त्यांना लागतो.

माळढोक हा मोठा पक्षीही माळाचाच रहिवासी. उडणाऱ्या पक्ष्यांत तो जगातील अतिशय वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे. त्याची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, शिकारही झाली. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोकसाठी अभयारण्य करण्यात आले. तरीही महाराष्ट्रातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला. आज साऱ्या देशात दोनशेहूनही कमी माळढोक उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. आपण ज्या जमिनीला ‘काहीच नाही’ असे म्हणालो, ते कोणाचे तरी एकमेव घर होते.

माणसांचेही पोट या माळावर चालते. धनगर पावसाळ्यात आपल्या मेंढ्या माळावर चारतात. कोकणातील संततधार मेंढ्यांना सोसत नाही, पण माळावरचे थोडे ओले, थोडे कोरडे हवामान त्यांना मानवते. दिवाळीनंतर गवत संपत आले, की कितीतरी धनगर कुटुंबे घाट उतरून कोकणात येतात. कोकणातील शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात बसवून घेतात. मेंढ्यांच्या लेंड्यांचे शेताला उत्तम खत मिळते आणि त्याबद्दल धनगरांना धान्य किंवा पैसे मिळतात. आपण एका दिवसात गाडीने जी वाट पार करतो, तशाच वाटा ते दरवर्षी पायी चालतात. डोंगर आणि माळ यांचे नाते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

वैजापूर ओलांडून आपण छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला येतो. पाऊस कमी असलेल्या या भागात एवढे मोठे शहर कसे वसले? त्याचे श्रेय मलिक अंबरला द्यावे लागते. तो आफ्रिकेतील हबसाण देशातून गुलाम म्हणून येथे आला आणि आपल्या हुशारीने निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसवले. डोंगरातील झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरीतून त्याने शहरात आणले. पाणी जमिनीखालून येत असल्याने उन्हाने आटत नसे. येथील पाणचक्की तुम्ही अवश्य पाहा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ती आहे. दूरच्या डोंगरातून नळांनी आणलेले पाणी उंचावरून पडते आणि त्या जोराने जाते फिरते. पूर्वी येथे दळलेल्या पिठातून मुसाफिरांना आणि विद्यार्थ्यांना भाकरी मिळे. पाणी थोडे असले, तरी जपून वापरले तर किती उपयोगी पडते, हे या जुन्या लोकांना ठाऊक होते.

पुढे जालना, मेहकर, कारंजा असा प्रवास करीत आपण विदर्भात शिरतो. समुद्र फार मागे राहिलेला असतो. आता हवा कोरडी आहे आणि ऊन अक्षरशः भाजून काढते. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते. पण एक नवल पाहा. येथे पाऊस पुन्हा वाढतो. नागपूरला वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. कारण बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे येथपर्यंत पोहोचतात. काळ्या मातीत कापूस पिकतो, संत्र्यांच्या बागा दिसतात आणि पुढे सागाची जंगले लागतात. सुमारे ८०० किलोमीटरचा आपला प्रवास येथे संपतो.

डोंगर आणि माळ यांची अशी जोडी जगात इतरत्रही आहे. उत्तर अमेरिकेत पश्चिमेला रॉकी पर्वत आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे वारे तो अडवतो. म्हणून त्याच्या पूर्वेला मोठी झाडे नव्हेत, तर गवताची अफाट मैदाने पसरली आहेत. त्यांना प्रेअरी म्हणतात. पर्वताजवळ गवत आखूड असते आणि पूर्वेकडे पाऊस वाढत जातो, तसे ते उंच होत जाते. अगदी आपल्या वाटेसारखेच! या गवतावर पूर्वी कोट्यवधी गवे चरत होते. माणसांनी त्यांची बेसुमार शिकार केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते हजाराच्याही आत आले. त्यानंतर लोकांनी गवत उपटून मैदाने नांगरली. १९३० नंतर काही वर्षे पाऊस फार कमी पडला. माती धरून ठेवणारी मुळेच उरली नव्हती. त्यामुळे धुळीची भयंकर वादळे उठली आणि हजारो कुटुंबांना घरदार सोडून जावे लागले. गवताची किंमत गवत गेल्यावर कळली.

मुलांनो, आपल्या नळाला येणारे पाणी डोंगराने अडवलेल्या ढगांचे आहे आणि ते शहापूरच्या तहानलेल्या पाड्यांजवळून येते. माळावरचे गवत हजारो जीवांचे अन्न आहे. ज्याच्या वाट्याला जास्त पाणी आले, त्याने ते जपून वापरावे. ज्या जमिनीवर कमी पाऊस पडतो, तिला ‘पडीक’ म्हणून हिणवू नये. या सुट्टीत गावी जाल, तेव्हा खिडकीजवळची जागा मागून घ्या. घाट कोठे सुरू झाला, झाडे कोठे कमी झाली, मातीचा रंग कोठे बदलला, हे वहीत लिहून ठेवा. वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी येथे काय होते. उत्तरे ऐकून तुम्ही चकित व्हाल.

शब्दार्थ
तिवर – खाऱ्या पाण्याच्या चिखलात वाढणारे झाड
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
द्रोण – पानाची वाटी
तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्यांचा समूह, काफिला
पर्जन्य – पाऊस
संततधार – न थांबता पडणारा पाऊस
हबसाण – आजचा इथिओपिया
मानवणे – प्रकृतीला चांगले वाटणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोलशेतच्या खाडीत कोणत्या नदीचे पाणी येते?
(आ) पर्जन्यछायेचा प्रदेश कशाला म्हणतात?
(इ) धनगर कोकणात केव्हा उतरतात?
२. कारणे लिहा.
(अ) शहापूर तालुक्यात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकर येतात.
(आ) नागपूरला येवल्यापेक्षा जास्त पाऊस पडतो.
३. ‘माळ रिकामा नसतो’ हे पाठातील उदाहरणे देऊन पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.
४. नकाशा, तालुका, जिल्हा, हवा, मैदान, मुसाफिर हे शब्द उर्दूत कसे उच्चारतात? पाठातून असे आणखी तीन शब्द शोधून लिहा.
५. तुम्ही केलेल्या एखाद्या प्रवासात जमीन, झाडे आणि पिके कशी बदलत गेली, ते दहा ओळींत लिहा.