दुर्बीण घेताना भिंगाचा व्यास पाहा

आकाशदर्शनासाठी पहिली दुर्बीण घेताना खोक्यावरील '५२५ पट वर्धन' अशा आकड्यांना अनेक जण भुलतात. प्रत्यक्षात भिंगाच्या दुर्बिणीची क्षमता ठरते ती पुढील वस्तुभिंगाच्या व्यासावर. व्यास मोठा असेल तितका प्रकाश अधिक गोळा होतो. उपयुक्त वर्धनाची मर्यादा मिलिमीटरमधील व्यासाच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे ६० मिमी भिंगाला सुमारे १२० पट. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण अंधूक.

दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. ७०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीची नेत्रिका लावल्यास ते २८ पट होते. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र सुमारे २० पट वर्धनातूनच पाहिले होते.

तिवई भक्कम हवी. ती डळमळल्यास ग्रह दृष्टीआड होतो. आरंभ कमी वर्धनाने, चंद्रापासून करावा. पौर्णिमेपेक्षा शुक्ल अष्टमीच्या सुमारास विवरांच्या सावल्या ठळक दिसतात.

सूर्याकडे मात्र वस्तुभिंगापुढे योग्य सौरगाळणी बसविल्याखेरीज क्षणभरही पाहू नये. नेत्रिकेला लावायची काळी काच उष्णतेने तडकू शकते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.