वाडीतल्या फियाटचं इंजिन : ऐकीव सल्ले आणि खरं काय

अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अजूनही एखादी फियाट किंवा जुनी मारुती ८०० उभी दिसते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीला आजही सगळे फियाटच म्हणतात. मुंबईत तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली. मारुती ८०० चं उत्पादन १९८३ ते २०१४ असं तीन दशकं चाललं. दोन्ही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्सचा पसारा नाही (अगदी शेवटच्या मारुती सोडल्या तर), त्यामुळे घरच्या घरी इंजिन उतरवून, मिस्त्रीकडून बांधून आणून पुन्हा बसवणारी हौशी माणसं या भागात कमी नाहीत. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. मात्र त्यांच्याभोवती जमणारे आणि ठामपणे सल्ले देणारे लोक नुकसानही तितकंच करतात. त्यातले काही सल्ले पारखून घेण्यासारखे आहेत.

सर्वांत आधी ऐकू येतं ते, ‘पंधरा वर्षं झाली, आता ती भंगारातच जाणार, कशाला खर्च करता?’ पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची सक्त मर्यादा आहे असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. ती मर्यादा दिल्ली आणि राजधानी परिसरासाठीच्या आदेशांतून आली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण गाडी तपासणीत पास झाली आणि पर्यावरण कर व शुल्क भरलं की ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. कोकण किनाऱ्याच्या या भागातल्या एमएच-०६ गाड्यांचं हे काम पेणच्या आरटीओत होतं. तुमचंच इंजिन दुरुस्त करून परत बसवलं तर कागदोपत्री काहीच बदलत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा आणखी कुठून दुसरं इंजिन आणून बसवलंत, तर मात्र इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार हा बदल चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. म्हणून इंजिन विकत घेताना विकणाऱ्याची पावती आणि नंबर तपासून घ्या. ही नोंद न केलेली गाडी अपघातानंतर विम्याच्या दारात अडकते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. ‘थोडं अंतर राहिलं तर बोल्टने खेचून घ्यायचं’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना शेवटचं बोटभर अंतर मिटत नाही, सगळे घामाघूम झालेले असतात, आणि कोणीतरी म्हणतं, चारही बाजूंनी बोल्ट लावा, आपोआप येईल जवळ. बोल्ट आवळले की अंतर खरंच मिटतं. पण आतलं काहीतरी वाकून किंवा मोडून मिटतं.

आत काय चाललेलं असतं ते पाहा. गिअरबॉक्सच्या पुढे आलेला शाफ्ट आधी रिलीज बेअरिंगमधून जातो, मग क्लचप्लेटच्या मधल्या दातेरी भोकातून, आणि शेवटी त्याचं टोक क्रँकच्या मागच्या बुशात किंवा छोट्या बेअरिंगमध्ये बसतं. तिन्ही गोष्टी एका रेषेत असतील तर गिअरबॉक्स हाताने ढकलला तरी सरकत जाऊन इंजिनच्या पाठीला टेकतो. रेषेत नसतील तर शाफ्टचं टोक बुशाच्या कडेवर अडतं किंवा दाते दात्यांवर येतात. अशा वेळी बोल्ट आवळला तर क्लचप्लेटचा मधला भाग मुरगळतो, बुश फुटतो किंवा क्लच झाकणाऱ्या बेलहाउसिंगचा ॲल्युमिनियमचा कान तुटतो. त्यानंतर क्लच नीट सुटत नाही, पहिला गिअर टाकताना करकर होते, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

नागावच्या एका वाडीत हे काम नीट होताना मी पाहिलं आहे. तिथल्या मिस्त्रीकडे मोडीत निघालेल्या गिअरबॉक्सचा एक जुना शाफ्ट होता. प्रेशर प्लेट सैल ठेवून त्याने तो शाफ्ट क्लचप्लेटमधून थेट क्रँकच्या बुशापर्यंत सरकवला, प्लेट मधोमध आल्याची खात्री केली आणि मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळत नेले. शाफ्ट काढल्यावर प्लेट जागच्या जागी. गिअरबॉक्स वर घेतल्यावर शेवटच्या बोटभर अंतरावर तो अडलाच. मिस्त्रीने कुणाला हात लावू दिला नाही. गिअरबॉक्स गिअरमध्ये टाकला आणि त्याच्या मागच्या टोकाला, जिथे जॉइंट बसतो तिथे धरून शाफ्ट किंचित फिरवला. दाते दात्यांत गेले आणि बेलहाउसिंग टप्‌ आवाज करून इंजिनला टेकलं. त्यानंतर बोल्ट हाताने अर्धेअधिक फिरले, पाना नंतर लागला. जोर लागायला लागला की थांबून कारण शोधायचं, हाच या कामाचा गाभा आहे.

दोन गोष्टी इथे हमखास राहतात. इंजिनच्या पाठीवर दोन छोट्या पोकळ नळ्या किंवा पिना असतात. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवण्याचं काम त्या करतात, बोल्ट नाही. धुताना त्या हरवतात आणि ‘बोल्ट आहेत ना’ म्हणून सोडून दिल्या जातात. दुसरं म्हणजे गिअरबॉक्सचा भार कधीही शाफ्टवर लोंबकळू द्यायचा नाही. दोन-चार बोल्ट लागेपर्यंत खाली जॅकचा आधार हवाच. क्लचप्लेटची बाजूही पाहून घ्या. स्प्रिंगांचा फुगीर भाग साधारणपणे प्रेशर प्लेटकडे असतो, आणि बऱ्याच प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. जुन्या क्लचच्या भुकटीवर हवेचा पाइप मारू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आधारावरून आठवलं. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात, आणि गाडी त्यांच्यावर चढवून खाली शिरणारे लोक मी पाहिले आहेत. ‘चिऱ्यांवर घर उभं राहतं, गाडीचं काय?’ घराच्या भिंतीत भार अख्ख्या चिऱ्यावर पसरलेला असतो. गाडीची चेसिस चिऱ्यावर दोन बोटं रुंदीच्या पट्टीने टेकते. जांभा सच्छिद्र दगड आहे, आत पोकळ्या असतात, आणि अशा टोकाच्या भाराखाली तो सांगून सवरून तडकत नाही. लोखंडी घोड्या वापरा, नाही तर जाड सागवानी ठोकळे आडवे-उभे रचा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. इंजिन उचलायचा चेन ब्लॉक पडवीच्या वाशाला किंवा आंब्याच्या फांदीला टांगण्याबद्दलही तेच. वाशाला आतून वाळवी लागलेली बाहेरून कळत नाही. तीन पायांची लोखंडी तिपाई भाड्याने मिळते, ती आणा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा एक खास गैरसमज असा, की गाडी पावसाळ्यात गंजते आणि एकदा पाऊस सरला की धोका नाही. समुद्राकडून येणारा खारा वारा वर्षभर मीठ आणून बसवतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेला ओले होतात. म्हणजे आकाश कोरडं असतानाही लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. उलट, मुसळधार पाऊस उघड्या पत्र्यावरचं मीठ धुऊन तरी नेतो. शेडखाली, छपराआड ठेवलेल्या भागांना ती धुलाई मिळत नाही.

यातून इंजिन बाहेर असतानाचे दिवस सर्वांत नाजूक ठरतात. फ्लायव्हीलचा घासलेला पृष्ठभाग, शाफ्टचे दाते, सिलेंडरच्या भिंती यांना रंग नसतो, आणि एका रात्रीत त्यांच्यावर तांबूस थर येतो. तेलाचा हात फिरवून ठेवा. फ्लायव्हीलवरचं तेल क्लचप्लेट लावण्याआधी थिनरने पूर्ण पुसून काढा. अनेकजण इंजिन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून निर्धास्त होतात, पण आत कोंडलेली दमट हवा रात्री गार होऊन धातूवरच पाणी सोडते. भोकं टोप्यांनी किंवा टेपने बंद करा, आणि वरून सुती चादर टाका.

याच भीतीतून निघालेला आणखी एक उपाय म्हणजे सगळे बोल्ट स्टेनलेसचे घालणे. होड्यांच्या सामानाच्या दुकानात ते सहज मिळतात, चकचकीत दिसतात आणि गंजत नाहीत हेही खरं. पण गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं असतं. खारट ओलाव्यात स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि आटे पांढऱ्या भुकटीत जातात. शिवाय दुकानात मिळणारा साधा स्टेनलेस बोल्ट ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टपेक्षा थोडा कमीच ताण सोसतो. कंपनीच्या ग्रेडचा झिंक चढवलेला बोल्ट घ्या आणि आट्यांना अँटी-सीझ ग्रीसचा अगदी हलका हात द्या.

मात्र ग्रीस किंवा तेल लागलं की आवळण्याचं गणित बदलतं. ‘जितकं घट्ट तितकं पक्कं’ म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच धरून ठेवतो. आटे गुळगुळीत असतील तर त्याच जोरात तो अधिक ताणला जातो आणि ॲल्युमिनियममधले आटे उपटून येतात. ८ मिलीमीटरच्या ८.८ बोल्टला कोरड्या आट्यांवर सुमारे २५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलोचा जोर. भरल्या हाताचा माणूस नकळत याच्या दुप्पट लावतो. मॅन्युअलमधला आकडा पाहून टॉर्क रेंच वापरणं हाच मार्ग आहे.

इंजिन चेसिसवर धरणारी फाउंडेशनची रबरं बसवताना उलटी सूचना लागू पडते : सगळे बोल्ट आधी सैल. इंजिन हाताने हलवून स्वतःच्या जागी बसू द्या, मगच आवळा. तिरकं आवळलेलं रबर गाडीभर थरथर पसरवतं.

याच रबरांमुळे इंजिन चेसिसपासून विजेच्या दृष्टीने वेगळं पडतं. इंजिन ते चेसिस जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी ‘नंतर लावू’ म्हणून राहिली, तर स्टार्टरचा प्रचंड करंट परतीची वाट शोधत चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल लालबुंद होते, आणि शेजारी पेट्रोलची नळी असते. खाऱ्या हवेत या पट्टीची टोकं हिरवी पडतात. ती घासून चकचकीत करूनच लावा. पेट्रोलच्या नळ्याही आताच बदला. जुन्या गाड्यांचं रबर आजच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेलं नव्हतं.

रेडिएटरमध्ये ‘आपल्या विहिरीचं पाणी चालतं’ हेही सोडून द्या. समुद्रालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि त्या पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमचं हेड आतून खातात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, एवढंच. गिअरबॉक्सच्या तेलातही असंच. जीएल-५ चा आकडा वरचा म्हणून ते चांगलं असं नाही. पितळी सिंक्रो रिंगा असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला त्यातली गंधकयुक्त रसायनं सोसत नाहीत. मॅन्युअलमध्ये जीएल-४ असेल तर तेच घाला.

सगळं जोडून झालं की लगेच चावी फिरवण्याचा मोह होतो. नव्याने बांधलेल्या इंजिनच्या बेअरिंगांवर तेव्हा फक्त बांधताना लावलेलं तेल असतं. प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडवा आणि थांबून थांबून सेल मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून चालू करा. सुरूच झालं नाही, कार्ब्युरेटरमधून भडका आला, तर इंजिनवर अविश्वास दाखवण्याआधी डिस्ट्रिब्युटर पाहा. तो अर्धा फेरा उलटा बसणं ही नेहमीची गोष्ट आहे. फियाटचा क्रम १-३-४-२.

चालू झाल्यावर फियाटचा स्टिअरिंगवरचा गिअर अडकला, तर ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल पाच मिनिटांत लागतो. बहुतेक वेळा खालच्या दांड्यांची जुळणी चुकलेली असते किंवा त्यांचे बुश झिजलेले असतात. गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सवरचा खटका हाताने हलवून पाहा. तिथे गिअर सहज पडत असतील तर दोष दांड्यांचा आहे.

आणि दुसऱ्या दिवशी बेलहाउसिंगखाली तेलाचा डाग दिसला, तर लगेच चेन ब्लॉक परत मागवू नका. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलं तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत नेमकं तिथेच ठिबकतं. डाग बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. इंजिन ऑइल निघालं तर इंजिन गार असताना आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदला, पाठ कोरडी पुसा, आणि दोन दिवस गाडी चालवून पुन्हा पाहा.