हलका ट्रायपॉड, पण ठाम

हॉटेलातलं चार पायांचं टेबल डुगडुगायला लागलं की वेटर एका पायाखाली कागदाची घडी सरकवतो. ट्रायपॉडवर ही वेळ येत नाही. कुठलेही तीन बिंदू एका सपाटीत बसतातच. चौथा आला की कुरबुर सुरू. त्यामुळे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या उंचसखल कातळावरही तिन्ही पाय नीट टेकतात.

पण टेकणं वेगळं आणि न थरथरणं वेगळं. ताऱ्यांच्या फोटोसाठी शटर 20-25 सेकंद उघडं राहतं. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक पुरते.

इथे वजनापेक्षा नळीची जाडी कामी येते. पत्रा तेवढाच पातळ ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं; वाकण्याला होणारा विरोध मात्र जवळपास आठपट! कार्बन फायबर ॲल्युमिनियमपेक्षा हलकं, शिवाय त्यात कंपनं लवकर विरतात. खिशाला जड, हे आहेच.

पायांचे टप्पे जितके जास्त, तितकी शेवटची नळी बारीक. सॅकमध्ये सहज मावणारा पाच टप्प्यांचा ट्रायपॉड इथेच मार खातो. म्हणून बारीक नळ्या सर्वांत शेवटी उघडाव्यात, मधला दांडा खालीच ठेवावा. वारा असेल तर सॅक हुकाला अडकवावी, पण जमिनीला टेकेल अशी. लोंबकळणारी सॅक झोके घेत ट्रायपॉडच हलवते.