लेखणीचे पोटकंत्राट

अंधेरीतील जाहिरात कचेऱ्यांचा मजकूर, मुलुंड-घाटकोपरच्या सदनिकांत घरबसल्या चालणारी भाषांतरे आणि बोरिवलीतील एखाद्या खोलीत मध्यरात्र उलटल्यावर पुरी होणारी विमा कंपनीची माहितीपुस्तिका, अशा नानाविध कामांतून उपनगरांमध्ये लेखनाचा एक असा व्यवसाय उभा राहिला आहे की, ज्याला ना दुकान आहे, ना पाटी. या व्यवसायात मुक्त लेखक म्हणून ज्याने प्रवेश केला आणि ज्याच्या वक्तशीरपणाचा चार ठिकाणी बोलबाला झाला, त्याच्यावर लौकरच असा प्रसंग येतो की, आलेले काम नाकारावे तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि पत्करावे तर मुदत चुकते. मग तो ओळखीतल्या एखाद्या तरुण पदवीधराला, किंवा नोकरी सोडून घरी राहिलेल्या कोणा जाणत्या बाईंना, त्यातला काही मजकूर लिहावयास देतो. लेखकाचा कंत्राटदार होतो तो या क्षणी. आणि काम दुसऱ्याच्या हाती गेले म्हणजे आपली जबाबदारी संपली व दोन दरांमधील अंतर हा आपला निव्वळ नफा, या समजुतीने त्याची फसगतही बहुधा याच क्षणी सुरू होते.

हिशेब मांडून पाहावा. समजा, गिऱ्हाईक शब्दाला दोन रुपये देते, म्हणजे हजार शब्दांचे दोन हजार. स्वतः लिहावयास चार तास लागतात, म्हणजे तासाला पाचशे रुपये पडतात. तोच लेख बाराशे रुपयांत दुसऱ्याकडून लिहून घेतला तर आठशे उरतात. तो तपासण्यास एक तास लागला तर व्यवहार उत्तम झाला. परंतु मजकूर कच्चा निघून तीन तास दुरुस्तीत गेले, तर तासाची कमाई पावणेतीनशेच्याही खाली घसरते आणि स्वतःच लिहिले असते तर बरे, असे म्हणण्याची पाळी येते. या उदाहरणात नफ्यातोट्याची सीमा एक तास छत्तीस मिनिटांवर आहे. आता अधिक जाणत्या लेखकाला चौदाशे दिले आणि त्याचे लेखन पाऊण तासात तपासून झाले, तर उरलेल्या सहाशे रुपयांचा भाव पुन्हा तासाला आठशेच पडतो, शिवाय पाव तास वाचतो. लेखकाचा मोबदला कापून नफा वाढविण्याची युक्ती जेथे सर्रास योजली जाते, तेथे हा साधा त्रैराशिकाचा हिशेब कोणी केलेला नसतो. मध्यस्थाला जे उरते ती वास्तविक दलाली नसून वाचनाची मजुरी होय. आणि जो लेखनाबरोबर वाचनही वाटून टाकतो, त्याला ती मजुरी मागण्याचा अधिकार राहत नाही.

मराठीत लेखन वाटून देण्याच्या या पद्धतीचा एक मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परतले आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांचे कार्य त्यांनी अंगावर घेतले. ते एकट्याने पार पडणे अशक्य होते; म्हणून त्यांनी रीतसर मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून आगाऊ वर्गणीदार जमविले आणि लेख सिद्ध करण्याचे काम संपादक-सहायकांत वाटून दिले. तथापि आरंभीच्या पाच प्रस्तावनाखंडांवर, म्हणजे सबंध ग्रंथाची दृष्टी जेथे ठरते त्या भागावर, त्यांची स्वतःची मुद्रा स्पष्ट आहे. विद्वान मंडळी केतकरांना स्वप्नाळू म्हणत. मला मात्र त्यांच्यातला व्यवहारी पुरुष अधिक विलक्षण वाटतो.

अमेरिकेतच एडवर्ड स्ट्रेटमायर या गृहस्थाने १९०५ च्या सुमारास कुमारवाङ्मयाचा जवळजवळ कारखानाच काढला होता. कथानकाचा आराखडा तो स्वतः तयार करी, लेखन ठरावीक रकमेवर दुसऱ्याकडून करवी आणि पुस्तकावर नाव कल्पित लेखकाचे घाली. १९३० साली अवतरलेल्या नॅन्सी ड्रू या किशोरवयीन गुप्तहेर मुलीच्या सुरुवातीच्या कथा मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी पुस्तकामागे सव्वाशे डॉलर घेऊन लिहिल्या, आणि वाचकांना ठाऊक होती ती कॅरोलिन कीन. या व्यवहारातील न्यायान्यायाविषयी मतभेद होतील. परंतु आराखड्याचा धडा घेण्याजोगा आहे. आपल्याकडे 'जरा चांगले लिहून द्या' एवढ्या तोंडी फर्मानावर काम सोपविले जाते. वाचक कोण, त्याला 'आपण' म्हणावयाचे की 'तुम्ही', 'प्रीमियम' ठेवावयाचा की 'विमाहप्ता', आकडे कोठून घ्यावयाचे, यांचे एका पानाचे टाचण आधी दिले, तर दुरुस्तीचे तास निम्म्यावर येतात. मजकूर यंत्राकडून लिहवून घेण्यास मुभा आहे की नाही, हेही आता त्याच टाचणात स्वच्छ लिहावे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आपला बेफिकीरपणा महाग पडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या लेखकाचे स्वामित्व मूळचे त्याचेच असते. ते लेखी करारावाचून हस्तांतरित होत नाही, आणि करारात मुदत नमूद नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच, प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरतेच मानले जाते. कंत्राटदाराने गिऱ्हाइकाला सर्व हक्क कायमचे लिहून दिलेले असतात आणि स्वतःला मात्र ते मिळालेलेच नसतात, किंवा पाच वर्षांपुरते मिळालेले असतात. हे खिंडार बिनबोभाट उघडे राहते.

पैशाचेही तसेच. गिऱ्हाइकाने थकविले म्हणून लेखकाला थकविणे, ही या धंद्यातली रूढ सबब आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यान्वये नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे, लेखी करार असला तरी, फार तर पंचेचाळीस दिवसांत फेडावे लागते आणि विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. नोंदणी विनामूल्य आहे. एका महिन्याच्या मजुरीइतकी रक्कम बाजूस ठेवल्याखेरीज दुसऱ्याला काम देऊच नये, असे माझे मत आहे.

राहिली ती भीती तयार केलेला माणूस उद्या आपलेच गिऱ्हाईक घेऊन जाईल ही. तिच्यापायी करारात नाना कलमे घातली जातात. परंतु काम संपल्यावरही कोणाला आपला व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार १८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमान्वये तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. आणि माणसे जातातच. ज्ञानकोशाच्या कचेरीत उमेदवारी झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे पुढे स्वतंत्रपणे कोशकार्याला लागले, आणि १९३२ पासून त्यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड बाहेर पडू लागले.